व्हेनिसच्या हॉटेलात चुलीची परवानगी

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

गेवराई,
शनिवार, १५ फेब्रुवारी १९९७

राजमान्य राजश्री केदारनाथराव यांस,

गेवराईहून कल्याणरावाचा शरणार्थ. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमच्या प्रकृतीची मात्र मला फार काळजी लागून राहिली आहे. मंगळवारी सकाळी शिवगंगा आईला सांगून गेली की दादाला बरं नाही, छातीत भरून येतंय म्हणे, चार दिवस जाऊन येते. मी घाबरलो. (तुमचं वय ते काय, आणि छातीचं दुखणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे?) पण आमचा हमाल सटवा वडवणीचा बाजार करून आला, तो सांगतो की तुम्ही बैलबाजारात एका खोंडाचे दात बघत होतात, त्याला चांगला पळवूनही बघितलात, आणि मग उभ्याउभ्याच शेव-जिलेबी खाल्लीत. छातीच्या दुखण्यावर वडवणीचे डॉक्टर हल्ली जिलेबी देत असतील तर मला कल्पना नाही. तरी जपून असावं. माझी अवस्था अशी आहे की तुमचं दुखणं वाढावं असं मला वाटत नाही आणि ते चटकन बरं व्हावं असंही वाटत नाही. कारण तुम्ही बरे झालात की शिवगंगाला परत यावं लागेल, आणि ज्या चेहऱ्यानं ती गेली आहे त्याच चेहऱ्यानं परत आली तर माझं काही खरं नाही.

मी रोज एसटीडीवरून तुमच्याकडे फोन करतो. (दुकानाच्या फोनवरून परगावी लागत नाही.) दरवेळी तुमची रुचिका उचलते आणि म्हणते, आत्या आंघोळीला गेलीय. केदारनाथराव, मी पाईप आणि पाण्याच्या मोटारींचा धंदा करणारा माणूस आहे. वडवणीत नळाला पाणी किती नि केव्हा येतं हे मला तोंडपाठ आहे. तेवढ्या पाण्यात माणूस दिवसभर आंघोळ करू शकत नाही. पण पोरीला दोष नाही, तिला जे शिकवलं ते ती बोलते. म्हणून हे पत्र लिहून बीडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. तो स्टँडवर वडवणीच्या गाडीत देईल आणि उद्या सकाळपर्यंत ते तुमच्या हातात पडेल. पडायलाच हवं. सोमवारी दुपारी कंपनीचे साहेब गेवराईत येणार आहेत. त्यांना हॉटेल कोणतं आणि जाणारे दोघं कोण, हे पक्कं सांगायचं आहे. नाही सांगितलं तर आमच्या जागा जालन्याच्या व्यापाऱ्याला जातील. जागांचं एक वेळ जाऊ द्या. पण शिवगंगा त्या गावाला जाणार का, आणि त्याआधी ह्या घरात परत येणार का, हे मला कुणी सांगायला तयार नाही.

तुम्हाला तिनं काय सांगितलं आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मागं आपली पाईपची कंपनी दिवाळीला कॅलेंडर द्यायची, फार झालं तर स्टीलची किटली. आता ती एका बाहेरच्या कंपनीनं घेतली, आणि बाहेरच्या लोकांना किटली द्यायला लाज वाटते. त्यांनी ठरवलं की मराठवाड्यात ज्यांचा माल जास्त जाईल त्यांना जोडीनं आठ दिवस व्हेनिस. मला आधी वाटलं हे पाईपच्या नव्या साइजचं नाव आहे. साहेबांनी समजावलं की ते इटली देशातलं गाव आहे आणि त्या गावात रस्तेच नाहीत, सगळे कालवे. माणसं दारातून निघतात ती होडीत बसतात. मे महिन्यात जायचं, पासपोर्टचं कंपनी बघणार, आणि राहायला तीन हॉटेलांपैकी ज्याचं त्यानं एक निवडायचं. तिन्हींचे रंगीत फोटो असलेला चकचकीत कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला. (आपल्याकडे हॉटेलात माणूस चहा-भजी खातो आणि उठतो. राहायचं ते लॉज, आणि बायकोला घेऊन लॉजवर राहिलो असं गेवराईत अजून तरी कुणी चारचौघांत बोलत नाही. पण परदेशात चालतं म्हणे.)

मी तो कागद घरी नेला. दुपारची वेळ होती, शिवगंगा माजघरात डाळ निवडत बसली होती. तुमची बहीण कशी आहे हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. नवं लुगडं आणलं तरी तिचं तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि तिन्ही फोटो बराच वेळ बघितले. मी म्हटलं, तुला कसलं पाहिजे ते सांग, तसलं घेऊ. मला वाटलं, ती म्हणेल तुम्हाला आवडेल ते. ती म्हणाली, “जिथं मला कुणी हाक मारणार न्हाई, असलं बघा.” आणि मग जरा थांबून, “पूजेला बसले तरी उठावं लागतं मला.” हे मात्र खरं आहे. आपल्यात इष्टलिंग हातावर घेतल्यावर माणसानं मधे उठू नये, पण तिच्या हातावर लिंग असतं आणि ओसरीतून कुणीतरी विचारतं की गुळाचा डबा कुठाय. दोन दीर, दोन जावा, त्यांची पोरं, दुकानातली जेवायला येणारी माणसं आणि आई, एवढ्यांत गुळाचा डबा फक्त तिलाच सापडतो. मी म्हटलं, अगदी शांत हॉटेल बघतो, बिनघोर राहा. ती पुन्हा डाळ निवडायला लागली, पण तिच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते आमच्या लग्नानंतर मी फार कमी वेळा बघितलं आहे. म्हणून सांगतो, माझी सुरुवात वाईट नव्हती.

आता शांत म्हणजे काय हे ठरवायचं होतं, आणि कालव्याच्या गावातली शांतता ठरवायची तर कालव्यातला माणूस पाहिजे. म्हणून मी बद्रीनाथअप्पांकडे गेलो. तुम्हाला आठवत असतील, कालव्यावर इन्स्पेक्टर होते, आता रिटायर होऊन घराच्या ओट्यावर बसून असतात आणि पाण्याबद्दल कुणी विचारायला येईल म्हणून वाट बघतात. त्यांनी भिंग मागवलं. पहिल्या हॉटेलाचा फोटो बघून ते गंभीर झाले. पाणी थेट उंबऱ्याला लागलेलं होतं. त्यांचं म्हणणं, कालव्याचं खालचं दार पाडून कुणीतरी पाणी अडवलंय आणि ते वर उचलायचं विसरलंय; एवढ्या फुगवट्याला ही इमारत दोन पावसाळे काढणार नाही, आणि तुम्ही नेमके त्यात झोपलेले असाल. दुसरं हॉटेल लहान होतं, एका अरुंद पाण्यावर, खिडकीत कुंड्या, खाली एकच होडी बांधलेली. त्यावर मुंबईच्या प्रवास कंपनीतल्या बाईनं पेनानं लिहिलं होतं, शांत व रोमँटिक. अप्पा म्हणाले, ही चारी आहे, कालव्याचा लहान फाटा. चारीला पाणी पाळीनं सुटतं. तुमचे आठ दिवस नेमके पाळी नसताना पडले तर खिडकीत बसून चिखल बघावा लागेल, आणि पाळी असताना पडले तर रात्रभर लोक मोटारी टाकून भांडतील. कालव्याच्या काठाला शांतता नसते, कल्याणराव, हे माझ्या नोकरीचं सार आहे असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं, कारण आपल्या कालव्याला पाणी सुटलं की मोटारी विकतो मी आणि भांडणं सोडवायलाही लोक मलाच नेतात.

तरी खात्री करावी म्हणून मी एसटीडीवर जाऊन मुंबईच्या त्या प्रवास कंपनीतल्या बाईला विचारलं की मे महिन्यात तिथल्या कालव्याला पाणी असतं का, की पाळी असते. तिनं मला प्रश्न दोनदा पुन्हा विचारायला लावला. (मीटर पळत होतं.) मग म्हणाली, सर, ते समुद्राचं पाणी आहे, ते कायमच असतं. मी धावत येऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी विचारलं, खारं? मी म्हटलं, खारंच असणार. त्यांनी भिंग मिटून ठेवलं आणि म्हणाले, मग त्याचा उपयोग काय. त्या क्षणापासून व्हेनिसमधून त्यांचं मन उडालं ते उडालंच.

पण तोवर तिसरं हॉटेल माझ्या मनात भरलं होतं. ते पाण्यापासून लांब, पुलापलीकडं, स्टेशनाजवळ, मोठं, सरळ भिंतींचं. आणि इथं घरचे लोक मधे पडले. आईनं आधी विचारलं, “तिथं आपलं कुणी न्हाई का? एखादा मठ तरी आसंल की.” मी सांगितलं, मठ नाही. तिचं पुढचं म्हणणं, परक्या मुलखात, परक्या भांड्यातलं, त्यात काय काय शिजलेलं असेल, आणि गळ्यात लिंग बांधलेल्या माणसानं ते खायचं. आणि माझंही तेच. मला भात आणि वरण मिळालं नाही तर तिसऱ्या दिवशी डोकं उठतं हे तुम्ही तुमच्याच लग्नात बघितलेलं आहे. त्यातच चकलांब्याचे पाईपवाले धुळाजी आले. त्यांनाही तेच बक्षीस लागलंय, आणि त्यांच्यासोबत आलेल्या आणखी एका व्यापाऱ्यालाही. धुळाजींनी एकदम तोडगा काढला. सगळ्यांनी मिळून एकाच हॉटेलात राहायचं, सोबत पीठ-मीठ न्यायचं आणि तिथं स्वयंपाकाची परवानगी काढायची. मी पुन्हा मुंबईला फोन केला. बाईनं चौकशी करून सांगितलं की तिसऱ्या हॉटेलात मागच्या बाजूला एक खोली आहे, शेगडी आहे, वापरू देतील. केदारनाथराव, ह्या धंद्यात मी पुष्कळ सौदे केले आहेत, पण परदेशात चूल मिळवली ह्याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा कशाचाच झाला नसेल. धुळाजी म्हणाले, तुमच्या घरच्यांच्या हातच्या धपाट्यांना तोड नाही, आपण बाजारहाट करू. सगळ्यांनी मान डोलावली. आम्ही तिघं पुरुष होतो. बायकांना त्या वेळी कुणी बोलावलं नाही, कारण सगळं त्यांच्या सोयीचंच ठरत होतं.

गेल्या सोमवारी संध्याकाळी मी घरात शिरलो तो ओरडतच, “शिवगंगा, चूल मिळाली!” ती देवघरातून बाहेर आली. मी सगळं सांगितलं: पाण्याचा धोका नाही, मोटारींचा आवाज नाही, ओळखीची माणसं सोबत, सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, तूप इथून न्यायचं, धपाट्यांना बाजरीचं पीठ न्यायचं की ज्वारीचं ते तिनं ठरवायचं. मी तिला म्हणालो, तुला कुठंही हात पसरावा लागणार नाही, सगळं तुझ्या ताब्यात. ती ऐकत उभी राहिली. मला वाटलं आनंदानं तिला बोलता येईना. मग तिनं विचारलं, “म्हंजी तिथं बी माझ्या नावानंच जेवायला बसणार का समदे?” मी म्हटलं, अगं मग काय उपाशी बसणार? ती आत गेली. रात्री सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवली की नाही ते मी बघितलं नाही, आणि सकाळी तिला तुमच्या छातीची आठवण झाली.

तेव्हापासून ह्या घराची जी अवस्था आहे ती सांगायला शब्द नाहीत म्हणतात तसं नाही, शब्द पुष्कळ आहेत, पण ते तुमच्या बहिणीबद्दल तुम्हाला लिहिणं बरं दिसणार नाही. कुणी कुणाशी नीट बोलत नाही. धाकटी भावजय भांडी आपटते. भाकरी रोज वेगळ्या जाडीची येते. दुकानात गिऱ्हाईक दोन इंची पाईप मागतं आणि मी तीन इंची काढून देतो. आईनं मला काही विचारलेलं नाही, आणि आई विचारत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. गुरुवारी सकाळी मी मोरीतून सवयीनं हाक मारली, शिवगंगा, टॉवेल. आई ओसरीवरून म्हणाली, ती वडवणीला हाय. मी टॉवेल घेतला. थोड्या वेळानं, शिवगंगा, माझा चष्मा. आई म्हणाली, वडवणीला हाय. मग मी पेपर वाचायला घेतला आणि त्यात आपल्या साखर कारखान्याची काहीतरी बातमी होती, ती सांगायला म्हणून पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा आईनं हातातली जपमाळ खाली ठेवली.

ती म्हणाली, “घरात आमी समदेच हाका मारतो रे तिला. पर आमच्या समद्यांच्या मिळून हुईनात इतक्या तुझ्या एकट्याच्या होतात. कशापायी मारतोस, ते तरी ठाऊक हाय का तुला?”

मला राग आला. मी आईला म्हणालो की तू काहीतरी वाढवून सांगतेस, घरात मी असतोच किती. आणि दुकानात निघून गेलो. पण दुकानात बसल्या-बसल्या मला तेच दिसायला लागलं. टॉवेल म्हणजे हाक, किल्ल्या म्हणजे हाक, पाहुणे आले म्हणजे हाक, आणि कधी तर हाक मारून झाल्यावर काय सांगायचं होतं हेच मला आठवत नाही. ती हातातलं काम टाकून समोर येऊन उभी राहते, मी म्हणतो, काही नाही, आणि ती परत जाते. हे मी कशासाठी करतो ह्याचा मी पुष्कळ विचार केला. बहुतेक ती घरात आहे ना, एवढंच मला बघायचं असतं. आता ती नाही, तर घरात शिरायला मला नको वाटतं. तुम्ही हसाल. हसा, पण तुमच्या घरात महानंदा वहिनींना सांगू नका.

काल मी उठलो आणि पहिल्यांदा धुळाजींकडे गेलो. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, आमचं हॉटेल वेगळं. त्यांना ते अजिबात रुचलं नाही. आजूबाजूला चार शेतकरी खाटेवर बसलेले असताना ते म्हणाले, “मग आमी तिकडं उपाशी मरावं का बे? बायकोनं डोळं वटारलं म्हनून शब्द फिरवतोस?” इतक्या वर्षांच्या व्यवहारात त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मी म्हणालो की तुमच्या घरी सुगरण बाई आहे, तिला विचारा ती तिकडं चूल पेटवणार का. ते चमकलेच. आत बघून आवाज खाली आणला, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनीही अजून घरात सांगितलेलं नाही. आमचे संबंध आता कसे राहतील सांगता येत नाही. त्यांच्याकडे माझा बराच माल आहे, पण तो विषय वेगळा.

गेवराईत परत येईतो संध्याकाळ झाली, तसाच मी एसटीडीवर गेलो. बाजारपेठेतलं ते बूथ तुम्ही बघितलं आहे, त्याचं काचेचं दार पुरतं लागत नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथं रांग असते. रांगेत माझ्या मागं कापडवाले, त्यांच्या मागं आपल्या समाजाचे दोघं-तिघं, आणि त्यांच्याही मागं खुद्द मठातले जंगम स्वामी, सोलापूरला फोन लावायला आलेले. लाईन इतकी वाईट की मी साध्या आवाजात बोललो तर बाई हॅलो-हॅलो एवढंच म्हणायची. मी म्हणालो, मला हॉटेल बदलायचं आहे. तिनं विचारलं, कोणतं हवं? मी हळूच म्हणालो, ते दुसरं. तिला ऐकू येईना. ती म्हणाली, कोणतं सर, ग्रुपचं की रोमँटिक? मी दार ओढून बघितलं, ते लागलं नाही. शेवटी मी ओरडलो, रोमँटिक! रांगेतली बोलणी थांबली. बाई म्हणाली, तिथं स्वयंपाक करता येणार नाही हं. मी ओरडलो, नको, स्वयंपाक नकोच! मग तिनं विचारलं की कालव्याकडच्या खिडकीची खोली पाहिजे का, मी हो म्हणालो, आणि मग विचारलं, पलंग एक पाहिजे की दोन. मी मागं वळून बघितलं. जंगम स्वामींनी डोळे मिटून घेतले होते. केदारनाथराव, माझी मुलगी रुद्राणी लातूरला दिलेली आहे, मुलगा इंजिनिअरिंगला आहे, समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा मी खजिनदार आहे. आणि मी गेवराईच्या बाजारपेठेत फोनवर ओरडलो, एक! एकच! बाईनं आणखी एकदा विचारलं, आणि मी आणखी एकदा ओरडलो. बाहेर आलो तेव्हा कापडवाल्यांनी मला वाट करून दिली, तशी वाट आजारी माणसाला करून देतात. स्वामींना मी शरणार्थ केला. ते एवढंच म्हणाले की यात्रा सुखरूप होवो.

तर हॉटेल ठरलं आहे. दुसरंच. चिखल निघाला तर निघाला, खारं पाणी तर खारं. तिथं मागची खोली नाही, शेगडी नाही, ओळखीचं एकही माणूस नाही आणि बाई म्हणाली की खोलीतल्या फोनची तार काढून ठेवता येते. हे शिवगंगाला तुम्ही सांगावं. मी सांगायला गेलो तर ती आंघोळीला जाईल.

तुमच्या आईंना माझा शरणार्थ सांगावा, रुचिकाला आशीर्वाद, आणि तिला म्हणावं थोडं निराळं काहीतरी सांगत जा. तुमचा खोंड चांगला निघो. छातीला जपा.

आपला,
कल्याणराव

ता. क. – खरं काम आता लिहितो, वर धीर झाला नाही. हॉटेल ठरवून घरी आलो आणि रात्रभर माझ्या डोक्यात एकच. खोली शांत, खिडकी शांत, खाली पाणी शांत, आणि त्या खोलीत मी. पहिल्याच सकाळी मी टॉवेल मागणार. म्हणजे जिथं तिला कुणी हाक मारणार नाही असं गाव मी शोधलं आणि सगळ्यात जास्त हाका मारणारा माणूस तिच्या शेजारी बसवून पाठवतो आहे. कंपनीला मी विचारून ठेवलं आहे. जोडी नवरा-बायकोचीच पाहिजे असं काही त्यांच्या नियमात नाही, नात्यातलं कुणीही चालतं. तेव्हा माझ्या जागी महानंदा वहिनींनी जावं. दोघी नणंद-भावजयींचं पहिल्यापासूनच जमतं. तुम्ही वहिनींना आठ दिवस मोकळीक द्यावी, ही माझी हात जोडून विनंती. नाही म्हणू नका. पलंग एकच आहे हे मात्र त्यांना आधी सांगून ठेवा.

ता. क. दुसरी – त्या आठ दिवसांत तुम्ही गेवराईला या. आई म्हणते ती चुलीपुढं बसणार नाही, तिचंही वय झालं. तुम्हाला पिठलं येतं असं शिवगंगा एकदा म्हणाल्याचं मला आठवतं. भात मी लावीन.

ता. क. तिसरी – पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात आईनं विचारलं की एवढं काय लिहिलंस. मी वाचून दाखवलं. शेवटचं ऐकून ती म्हणाली, आणि हे तिला विचारलंस का? केदारनाथराव, मी विचारलेलं नाही. चुलीचं विचारलं नव्हतं, तसंच ह्याचंही विचारलेलं नाही. म्हणून वरच्या दोन्ही ता. क. तिला वाचून दाखवू नका आणि वहिनींनाही इतक्यात काही बोलू नका. फक्त तिला समोर बसवून विचारा की तुझ्याबरोबर कुणाला न्यायचं. ती जे सांगेल ते सोमवारी दुपारच्या आत मला कळवा, मी साहेबांना तेच नाव देईन, दुसरं काही बोलणार नाही. महानंदा वहिनींना न्यायचं असेल तर ती नाव सरळ घेईल, तुम्हाला लगेच कळेल. माझं नाव ती घेणार नाही, इतक्या वर्षांत कधी घेतलेलं नाही. तेव्हा नीट लक्ष ठेवा. खाली बघून तिनं नुसतं “ह्यांना” एवढंच म्हटलं, तरी ते मी आहे असं समजा.